पोथ्या राहिल्या, माग थांबले : पाटणच्या पटोळ्याची कथा

उत्तर गुजरातेत, अहमदाबादपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, सरस्वती नदीच्या काठी पाटण हे शहर वसले आहे. शंखेश्वराच्या यात्रेला निघालेले अनेक संघ वाटेत येथे थांबतात. पंचासरा पार्श्वनाथाचे दर्शन घेतात, हेमचंद्राचार्यांच्या नावाने उभारलेल्या ज्ञानमंदिरात ताडपत्रे पाहतात, राणीची वाव पाहतात आणि सायंकाळी पुढच्या मुक्कामाला निघतात. वनराज चावड्याने आठव्या शतकात वसवलेले हे अणहिलवाड पाटण पुढे सोलंकी राजांची राजधानी झाले. सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाल यांच्या काळात त्याचे वैभव शिखराला पोहोचले. १४११ मध्ये अहमदाबाद वसले, राजधानी तिकडे गेली आणि पाटण मागे पडले, एवढे बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते. परंतु या शहराची आणखी एक पडझड आहे. ती कोणत्याही भग्न तलावात किंवा कोसळलेल्या कमानीत दिसत नाही. तिचा माग काढायचा तर साळवीवाड्याकडे वळावे लागते.

तत्पूर्वी राणीच्या वावेत थोडे रेंगाळावे. भीमदेव सोलंकी याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने अकराव्या शतकात ही पायऱ्यांची विहीर बांधविली. २०१४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि जांभळट रंगाच्या शंभराच्या नोटेवर तिचे चित्र आहे. प्रवाशाची दृष्टी विष्णूच्या अवतारांवर आणि अप्सरांच्या मूर्तींवर खिळते, ते स्वाभाविकच आहे. परंतु मूर्तींच्या अधल्यामधल्या भिंतींवर चौकटी आखून कोरलेली भौमितिक नक्षीही पाहावी. चौकोनात फूल, फुलाभोवती पुन्हा चौकोन, आणि ओळीमागून ओळ तेच. दगडात कापड विणल्यासारखे वाटते. पाटणचे विणकर ही नक्षी दाखवून सांगतात की, पटोळ्यावरील आकृत्यांशी तिचे नाते आहे.

जालन्याहून आलेले विणकर

पटोळा म्हणजे पाटणचे रेशमी वस्त्र. ते विणणाऱ्या समाजाचे नाव साळवी. हे नाव ऐकताच मराठी माणसाला आपल्याकडील साळी आठवतात, आणि ते आठवणे अगदीच अस्थानी नाही. कारण साळव्यांची परंपरा स्वतःचे मूळ महाराष्ट्रात, आपल्या जालन्यात सांगते.

ती परंपरा अशी. राजा कुमारपाल हेमचंद्राचार्यांच्या उपदेशाने जैन धर्माकडे वळला. पूजेच्या वेळी तो नवे पटोळे परिधान करी आणि हे वस्त्र जालन्याहून येई. एकदा त्याला कळले की, तेथील राजा पटोळे आधी स्वतः वापरतो आणि मगच बाहेर जाऊ देतो. वापरलेले वस्त्र पूजेला चालेना. तेव्हा कुमारपालाने विणकरांची सातशे कुटुंबेच पाटणला आणून वसविली. ही कुटुंबे मूळची दिगंबर आम्नायाची होती आणि पाटणला आल्यावर श्वेतांबर परंपरेत मिसळली, असेही सांगतात.

परंपरेतील प्रत्येक आकडा इतिहासाच्या तराजूत तोलण्याचे कारण नाही. परंतु बाराव्या शतकातील एका जैन राजाच्या पूजेशी या वस्त्राचे नाव जोडलेले आहे आणि त्याचे विणकर स्वतः जैन आहेत, ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटू नये. आज जालना बियाण्यांसाठी आणि पोलादासाठी ओळखला जातो. पटोळ्याशी त्याचे नाव कोणी जोडत नाही.

आधी रंग, मग वीण

पटोळा महाग का, हे मागासमोर उभे राहिल्यावर आपोआप समजते. बहुतेक नक्षीदार कापडात नक्षी एकतर विणताना उठते किंवा विणून झाल्यावर छापली जाते. पटोळ्यात ती विणण्याच्या आधीच धाग्यांवर असते. ताण्याचे उभे धागे आणि बाण्याचे आडवे धागे, दोन्ही आधी नक्षीच्या हिशेबाने मोजून खुणा करतात. जेथे रंग लागू द्यायचा नाही, तेथे सुताने घट्ट गाठी बांधतात आणि लडी रंगात बुडवितात. मग काही गाठी सोडायच्या, काही नव्या बांधायच्या आणि दुसऱ्या रंगात बुडवायचे. जितके रंग, तितक्या वेळा ही उठाठेव. शेवटी मागावर ताण्यातला लाल ठिपका आणि बाण्यातला लाल ठिपका नेमके एकमेकांवर यावे लागतात. सूतभर अंतर पडले, तरी हत्तीची सोंड तुटते आणि पोपटाची चोच वाकडी होते.

म्हणून विणकर थोडे विणतो, ताण सैल करतो आणि सुईच्या टोकाने एकेक धागा जागेवर सरकवितो. माग एका बाजूला कललेला असतो. त्याला पायाने दाबण्याच्या पट्ट्या नसतात. बाणा ठोकण्यासाठी तलवारीसारखी शिसवी पट्टी असते, तिला ‘वी’ म्हणतात. दोन माणसे दिवसभर बसली, तरी वीतभर कापड पुढे सरकते. एका साडीला चार ते सहा महिने लागतात, आणि नक्षी अवघड असेल तर त्याहूनही अधिक.

नक्षीलाही नावे आहेत. स्त्री आणि हत्ती यांची ‘नारीकुंजर भात’, पिंपळपानासारखी ‘पानभात’, टोपलीच्या आकाराची ‘छाबडी भात’, व्होरा समाजात लाडकी असलेली ‘व्होरागजी भात’. भात म्हणजे नक्षी. दोन्ही बाजूंनी सारखेच दिसणारे हे वस्त्र जीर्ण होऊन फाटेल, परंतु त्यावरची नक्षी पुसट होणार नाही, अशा अर्थाची म्हण गुजरातीत रूढ आहे. ताणा आणि बाणा दोन्ही आधी रंगवून विणण्याची ही रीत जगात फार थोड्या ठिकाणी टिकली. जपानमध्ये ती आहे आणि बाली बेटावरील तेंगानान या गावी आहे. बालीचा हा उल्लेख लक्षात ठेवावा, कारण पटोळ्याची पुढची कथा समुद्रापलीकडेच घडते.

समुद्रापलीकडचे ग्राहक

सातशे कुटुंबांचे पोट केवळ राजाच्या पूजेवर भरणे शक्य नव्हते. पटोळ्याचा मोठा ग्राहक पूर्वेकडे होता. खंबायत आणि सुरतेहून गुजराती व्यापाऱ्यांची जहाजे पावसाळी वाऱ्यांच्या वेळा साधून मलाक्क्याला जात आणि तेथून कापड जावा, सुमात्रा, सुलावेसी आणि मसाल्यांच्या बेटांवर पोहोचे. लवंग, जायफळ, मिरी यांच्या मोबदल्यात तेथील लोकांना सोन्यापेक्षा भारतीय कापड अधिक हवे असे. त्यातही पटोळ्याचे स्थान वेगळे होते. जावाच्या राजदरबारात त्याला ‘चिंदे’ म्हणत. राजघराण्यातील पुरुष त्याचे विजार आणि कमरपट्टे वापरीत. सुलावेसीतील तोराजा लोकांनी ते पिढ्यान्पिढ्या घराण्याची ठेव म्हणून जपले. काही ठिकाणी त्यात रोगनिवारक शक्ती आहे, अशी श्रद्धा होती. पाटणच्या विणकराने कधी समुद्र पाहिला नसेल, परंतु त्याने बांधलेल्या गाठींतून उमटलेला हत्ती हजारो कोसांवरच्या घरांत पूजनीय ठरला.

या व्यापारात युरोपीय शिरले तेव्हा सुरुवातीला विणकराचे काही बिघडले नाही. मागणी वाढलीही असेल. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. मसाले हवे तर आधी भारतीय कापड हाती हवे, हे तिने लवकरच ओळखले. बेटांवरील राजांना आणि सरदारांना भेट द्यायला डच अधिकारी पटोळे घेऊन जाऊ लागले. १६४१ मध्ये मलाक्काही डचांच्या हाती आले. पूर्वी अनेक व्यापारी, अनेक बंदरे आणि अनेक वाटा होत्या. आता वाटेवर एक मोठा दरवाजा बसला आणि त्याची किल्ली एका कंपनीकडे गेली. पटोळा तोच राहिला, विणकर तोच राहिला. बदलला तो त्या दोघांना ग्राहकाशी जोडणारा दुवा.

येथे आपल्या समाजाचा इतिहासही डोळ्यांपुढे आणला पाहिजे. सतराव्या शतकातील सुरतेचे व्यापारी वीरजी व्होरा हे जैन श्रावक होते आणि इंग्रज कंपनी त्यांच्याकडून कर्ज घेत असे. अहमदाबादचे शांतिदास झवेरी मोगल दरबारात मान्यता पावलेले होते. म्हणजे परदेशी कंपन्यांचा व्यापार आपल्याच पेढ्यांच्या पैशावर उभा राहत होता. त्या काळच्या माणसांना पुढचे दिसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु साळवीवाड्याची कथा केवळ ‘त्यांनी’ केलेल्या अन्यायाची कथा म्हणून सांगणे अपुरे ठरेल.

ऱ्हास कसा झाला

ऱ्हास एका दिवसात झाला नाही आणि एका कारणाने झाला नाही. अठराव्या शतकात मोगल सत्ता खिळखिळी झाली, गुजरातेत अशांतता माजली आणि सुरतेच्या जहाजमालकांचा व्यापार घसरला. हे कंपन्यांच्या राज्यापूर्वीचे आघात होते. त्यानंतरचे आघात मात्र वसाहतींच्या व्यापारातून आले.

पहिला आघात कच्च्या मालाचा. पाटणला रेशीम कधीच पिकले नाही. ते बाहेरून येई. बंगालचे रेशीम मोठ्या प्रमाणावर गुजरातच्या मागांवर येत असे. १७५७ नंतर बंगालवर इंग्रज कंपनीची पकड बसली आणि तेथील रेशीम इंग्लंडच्या कारखान्यांकडे वळविण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्याआधी १७०० मध्ये इंग्लंडच्या संसदेने भारतातून येणाऱ्या रेशमी आणि छापील कापडाच्या वापरावर आपल्या देशात बंदी घातलीच होती, आणि १७२१ मध्ये ती आणखी कडक केली. पटोळा पूर्वेकडे जाणारा असल्याने त्याला त्या कायद्याचा थेट फटका बसला नाही. परंतु भारतातून धागा न्यावा आणि कापड मात्र रोखावे, ही व्यापाराची दिशा त्यातूनच स्पष्ट झाली.

दुसरा आघात बाजाराचा. १७९९ च्या अखेरीस डच कंपनी बुडाली आणि तिच्या मुलखाचा कारभार डच सरकारने हाती घेतला. १८२४ मध्ये नेदरलँड्समध्ये एक नवी व्यापारी संस्था निघाली, आणि पुढे तिच्यामार्फत डच गिरण्यांचे सुती कापड जावाच्या बाजारात ओतले जाऊ लागले. ज्या बेटांवर डच पूर्वी भारतीय कापड नेत होते, तेथे आता ते स्वतःच्या गिरण्यांचे कापड नेत होते. विकणारा तोच, घेणारा तोच, मधला विणकर मात्र गळाला.

तिसरा आघात नकलेचा, आणि तो सर्वांत खोल गेला. पटोळ्याच्या नक्षीला बेटांवर किती मान आहे, हे युरोपातील कारखानदारांना ठाऊक झाले होते. त्यांनी ती नक्षी सुती कापडावर यंत्राने छापून स्वस्तात पाठविली. चार-सहा महिन्यांत जे दोन माणसे विणीत, तसे दिसणारे कापड यंत्रातून गजांनी निघू लागले. जावातील पेकालोंगानच्या बाटिक कारागिरांनीही पटोळ्याची नक्षी मेणाने काढून ‘ज्लाम्प्रांग’ नावाचा प्रकार रूढ केला; परंतु तो एका हस्तकलेने दुसरीला दिलेला मान होता. यंत्राच्या नकलेने मात्र मूळ वस्त्राची गरजच संपविली.

चौथा बदल रंगांचा. मंजिष्ठ, लाख, नीळ, हळद, डाळिंबाची साल यांपासून रंग काढणे हे पिढ्यांनी साठविलेले ज्ञान होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील प्रयोगशाळांतून कृत्रिम रंग आले. १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतीय निळीचा व्यापार कोसळला. साळव्यांनीही सोय म्हणून नवे रंग स्वीकारले, आणि जुन्या रंगांच्या कृती हळूहळू विस्मरणात गेल्या.

विशेष म्हणजे पाटणवर इंग्रजांचे थेट राज्य नव्हते. ते बडोद्याच्या गायकवाडांच्या मुलखात होते. सयाजीराव महाराजांसारखा कलांची कदर करणारा राजा गादीवर होता. त्यांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू केले, तेथे रंगकाम आणि विणकाम शिकविले जाई. तरीही पाटणचे माग कमी होतच राहिले. विणकराच्या दारात इंग्रज कलेक्टर यावा लागत नाही. जावाच्या बाजारात छापील कापडाचा गठ्ठा उतरला तरी पुरे होते. इकडे आपल्याच देशात, १८६१ मध्ये अहमदाबादची पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे तेथील गिरणीमालकांत जैन घराणी अग्रभागी आली. गुजरातचे भांडवल मागाकडून गिरणीकडे गेले. देशी गिरण्यांनी विलायती कापडाला टक्कर दिली, ही त्यांची मोठी सेवा. पण पटोळ्याचा माग त्या टकरीत कोणाच्याच बाजूला नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाटणमध्ये पटोळे विणणारी कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. आजही ती तितकीच आहेत.

मग जे उरले, ते कोणामुळे?

हा प्रश्न मला ऱ्हासाच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो. समुद्रापलीकडचा बाजार गेल्यावर पटोळा पूर्णपणे नाहीसा व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण गुजरातेतील काही घरांत त्याचे स्थान सुटले नव्हते. जैन, नागर आणि व्होरा कुटुंबांत लग्नाला, सीमंतविधीला पटोळा लागे. मुलीच्या पेटीत तो असे आणि आईचा पटोळा लेकीकडे जाई. ‘पाटणहून पटोळे आण’ असा हट्ट पतीपाशी धरणाऱ्या स्त्रीचे अविनाश व्यास यांचे गीत आजही गुजरातेत घरोघरी गायिले जाते. बेटांवरचा राजा गेला, डच कंपनी गेली. घरातला संस्कार राहिला. त्या बोटांवर मोजण्याजोग्या कुटुंबांचा माग या संस्काराने चालता ठेवला.

ज्ञानमंदिर पाहून आलेल्या यात्रेकरूने येथे दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. पाटणच्या भांडारांतील पोथ्या श्रावकांनी आणि मुनींनी शतकानुशतके जपल्या. त्यांच्या याद्या झाल्या. बडोदा सरकारने १९१६ पासून काढलेल्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत तेथील ग्रंथ छापले गेले. पुढे मुनी पुण्यविजयजींनी त्या भांडारांसाठी आयुष्य वेचले. म्हणून हेमचंद्राचार्यांच्या काळाचा शब्द आज आपल्यापर्यंत पोहोचतो. साळवीवाड्यातील ज्ञान मात्र ताडपत्रावर नव्हते. गाठ कोठे बांधायची, रंग किती वेळ चढू द्यायचा, हे बापाच्या हातातून मुलाच्या हातात जाई. माग थांबला की ते ज्ञान थांबे, आणि त्याला भांडार नव्हते. श्रुताचे रक्षण करणाऱ्या समाजाने हाताच्या ज्ञानालाही ज्ञान मानले असते, तर कदाचित आणखी काही माग चालू राहिले असते.

आता एक प्रश्न टाळून चालणार नाही. रेशमाचा धागा काढण्यासाठी कोश गरम पाण्यात घालतात आणि आतील जीव मरतो. अमारीची घोषणा करणाऱ्या कुमारपालाच्या पूजेचे वस्त्र रेशमी होते, ही विसंगती मनाला टोचते. आज अनेक साधू-साध्वींच्या उपदेशाने श्रावक रेशीम वर्ज्य करतात, आणि ते योग्यच आहे असे मानणारे वाचक पुष्कळ असतील. हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांपासून ‘अहिंसा रेशीम’ तयार केले. पण अशा कोशाचा धागा सलग निघत नाही, तो कातावा लागतो. आणि पटोळ्याला लागतो सलग, गुळगुळीत धागा. हा पेच सुटलेला नाही. ज्याने रेशीम सोडले आहे, त्याने ते पुन्हा धारण करावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु वस्त्र न नेसताही त्यामागच्या कलेचा आदर करता येतो, तिची माहिती घेता येते, आणि तिच्या नावाने चाललेली फसवणूक ओळखता येते.

कारण नकलेचा तो तिसरा आघात अजून थांबलेला नाही. आज मुंबई, पुणे, सोलापूर, कोणत्याही मोठ्या दुकानात ‘पटोला’ म्हणून छापील साड्या काही हजारांत मिळतात. राजकोटला बहुधा एकाच बाजूचे धागे रंगवून विणलेला पटोळा मिळतो. तोही हाताच्या कष्टाचा माल आहे आणि आपल्या नावाने विकला गेला तर त्यात काही वावगे नाही. छापील कापडाला मात्र पटोळा म्हणणे म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या कारखानदारांचेच काम पुढे चालविणे होय. २०१३ मध्ये ‘पाटण पटोला’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा उपयोग घेणाऱ्याने विचारले तरच होतो.

खरा पटोळा लाखांच्या घरात जातो, तो सर्वांना घेता येणार नाही. पण पाटणला गेल्यावर एक दुपार त्याच्यासाठी काढणे सर्वांना शक्य आहे. राणीच्या वावेजवळच साळवी कुटुंबाने स्वतः उभारलेले पटोळ्याचे संग्रहालय आहे. तेथे मागावर काम चालू असते आणि विचारणाऱ्याला ते समजावून सांगतात. लहान मुलांना आवर्जून न्यावे. एकाच शहरात त्यांना ताडपत्रावरची अक्षरेही दिसतील आणि धाग्यावर बांधलेल्या गाठीही. घरी आजीच्या पेटीत जुने पटोळे असेल, तर ते उलगडून दोन्ही बाजू पाहाव्यात. नक्षी दोन्हीकडे सारखीच दिसली, तर ते कोणाच्या हातचे आहे आणि कोणत्या प्रसंगी घरात आले, हे आजी आहे तोवर विचारून लिहून ठेवावे. या ज्ञानाचे छोटेसे भांडार अशा रीतीने प्रत्येक घरात सुरू होऊ शकते.